मानवंदना कुणाला?

पगारासाठी मेलेल्या माणसाला शहीद म्हणायचं का?

आमच्या रविवारच्या वाचन बैठकीत अकरावीतल्या एका पोरानं हा प्रश्न टाकला आणि सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. कुणी म्हणालं, हे त्या लोकांचं बोलणं आहे, तुझ्या तोंडात कुणी घातलं? कुणी म्हणालं, आज भीमा कोरेगाववर शंका, उद्या बाबासाहेबांवर घेशील. पोरगं गप्प झालं. प्रश्न मात्र दिवसभर राईस मिलमध्ये धानाची पोती वाहताना माझ्या पाठीवर होता. म्हणून लिहितो आहे. शत्रू एखादा प्रश्न विचारतो म्हणून तो त्याच्या मालकीचा होत नाही. आपण तो विचारलाच नाही तर त्याचं उत्तर मात्र कायम त्याच्या खिशात राहतं.

आधी जे घडलं ते नीट सांगू. १ जानेवारी १८१८. कंपनीची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघालेली. कॅप्टन स्टाँटन पुढारी. सगळे मिळून आठशेच्या थोडे वर. त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे पाचशेच्या आसपास शिपाई, तीनशेच्या आसपास घोडेस्वार, आणि मद्रासकडचे चोवीस गोलंदाज, दोन तोफा घेऊन. समोर दुसऱ्या बाजीरावाचा तळ. सगळी फौज धरली तर अठ्ठावीस हजारांवर, पण नदी उतरून गावावर चालून आले ते दोन हजारांच्या घरातले. अरब होते, गोसावी होते, मराठे होते. दिवसभर गल्लीगल्लीत झुंज. कंपनीच्या माणसांच्या पोटात अन्न नाही, घशाला पाणी नाही, नदी समोर वाहते आहे आणि तिथवर जाता येत नाही. रात्री पेशव्यांचे लोक मागे सरले. जनरल स्मिथ मोठी फौज घेऊन येतो आहे, ही खबर त्यांना होती. कंपनीकडची पावणेतीनशे माणसं मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत. पेशव्यांकडची पाचशे-सहाशे.

हे असं आहे. आपल्या मंचावरून ‘पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले’ असं सांगतात. पोरं टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत. पण त्या पाचशेत महार पुष्कळ होते तसे मराठे होते, राजपूत होते, मुसलमान होते, यहुदीही होते. आणि कापलेले ‘पेशवे’ म्हणजे काही शनिवारवाड्यातले भटजी नव्हेत. पोटासाठी आलेले अरब, गोसावी आणि कुणबी-मराठ्यांची पोरं होती. हे कबूल केल्यानं आपलं काय कमी होतं? ज्याची मान आकड्यावर उभी असते, त्याची मान आकडा खोडला की खाली येते. आपली मान आकड्यावर कशाला उभी ठेवायची?

पगाराचं बोलू. होय, ते पगारी होते. कंपनीचा पगार खात होते. पण मला सांगा, त्या दिवशी त्या मैदानात बिनपगारी कोण होता? अरबांना बाजीरावानं जेवायला घालायला आणलं होतं का? स्टाँटन साहेब सातासमुद्रापलीकडून काय पुण्याची हवा खायला आला होता? इतिहासातली बहुतेक सगळी फौज पगारी आहे. राजाचा मुलगा लढतो तेव्हा त्याला वीर म्हणतात, कारण त्याचा पगार म्हणजे राज्य असतं. गावकुसाबाहेरचा लढतो तेव्हा त्याचा पगार मोजायला लोक पुढे येतात. खर्ड्याच्या लढाईत, १७९५ साली, शिदनाक महार पेशव्यांच्याच बाजूनं लढला असं सांगतात. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हा भाडोत्री.

आणि ‘देशाशी गद्दारी’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं की कुठला देश? ज्या पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून चालायचं, असं बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त लिहून ठेवलं आहे, ते पुणं? माणूस आपल्या थुंकीचंही मडकं गळ्यात वाहतो आणि त्याला म्हणायचं की हे मडकं तुझं राष्ट्र आहे, याच्यासाठी मर. बाबासाहेबांनी हा आरोप टाळला नाही. इंग्रजांचं राज्य इथं उभं राहायला अस्पृश्य शिपायांची मदत झाली, प्लासीला दुसाध आणि कोरेगावला महार, हे त्यांनी स्वतःहून मांडलं. लपवलं नाही. मग आपण का लपवावं?

पण मग दुसऱ्या टोकाला जाऊ नका, दोस्तांनो. ते शिपाई जातीची गुलामी मोडायला लढले, असंही आपण बोलतो. त्यांच्या मनात काय होतं, हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. त्यांना लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या मनात माझं मन घालायचा मला अधिकार नाही. मेलेला माणूस बोलत नाही म्हणून त्याच्या तोंडी भाषण घालणं, हा धंदा त्या लोकांचा आहे. आपण कशाला करायचा?

मग तिथं जायचं कशाला?

मी गेलो होतो. तुमसर रोडवरून महाराष्ट्र एक्सप्रेस, जनरलचा डबा, एक रात्र अन् एक दिवस. वरठीला आणखी आपले लोक चढले, नागपूरला तर पाय ठेवायला जागा राहिली नाही. बायका, पोरं, भाकऱ्यांची गाठोडी, निळे झेंडे. पेरणे फाट्याच्या खूप अलीकडे गाड्या थांबवतात, तिथून सरकारी बसनं पुढं नेतात. २०१८ पासून पोलीस, कॅमेरे, कठडे. स्तंभ फुलांनी झाकलेला. साठ फुटांचा दगड. मला आधी खरं तर काहीच वाटलं नाही. दगड तो दगड. इंग्रजांनी १८२१ मध्ये त्याची पायाभरणी केली ती स्वतःची पाठ थोपटायला. पूर्वेकडच्या इंग्रजी फौजेच्या मोठ्या विजयांपैकी हा एक, अशा अर्थाचं तिथं कोरलेलं आहे. तुमच्या-माझ्यासाठी तो बांधलेला नाही.

रांगेत माझ्या पुढे एक बुढी होती, मराठवाड्याकडची. लुगडं फाटकं, कपाळ मोकळं. वर पोचल्यावर ती दगडाला हात लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘‘बाबा, वाचता येतंय ना तुला? नावं वाच की.’’ मागून पोलीस ढकलत होता, चला चला. मी दोन-चार नावं घाईनं सांगितली. सोमनाक. रामनाक येसनाक. ती म्हणाली, ‘‘आडनाव न्हाय का?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘मंग आपलेच,’’ असं म्हणून ती उतरली.

त्या बुढीनं मला एक गोष्ट दाखवली. मेलेल्यांची एकोणपन्नास नावं तिथं आहेत, आणि त्यातली बावीस महारांची, हे आपण कशावरून सांगतो? नावाच्या शेवटी ‘नाक’ आहे यावरून. म्हणजे ज्या शेपटीवरून गावात माणूस दुरूनच ओळखला जायचा आणि दूर ठेवला जायचा, त्याच शेपटीवरून आज आपण आपली माणसं मोजतो. जातीनं लावलेला डाग आपली खूण झाला. याचा आनंद मानावा की रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या यादीत एक आहे. ‘नाक’वाल्यांसाठी वेगळा दगड नाही. गावात विहीर वेगळी, मसणवट वेगळी. इथं मेल्यावर तरी एकाच दगडाला सगळी नावं.

आणि कंपनीच्या कृतज्ञतेचं म्हणाल तर तीही ऐका. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. आता लढाऊ जाती वेगळ्या, बिगर लढाऊ वेगळ्या, असं त्यांचं शास्त्र निघालं. दगडावर आज्याचं नाव आणि नातवाला फौजेचा दरवाजा बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या मंत्र्याकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभारली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडली. मिलमध्ये सीझनला हमाल घेतात आणि सीझन सरला की उद्यापासून येऊ नका म्हणतात, तसंच हे. परत दुसरं महायुद्ध आलं तेव्हा बाबासाहेबांनी रेटा लावला आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी बटालियन आपल्या कामठीत उभी राहिली, १९४२ ला. कामठी भंडाऱ्यापासून किती दूर आहे? त्या पलटणीच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता. पुढं तो काढून खंजीर आला.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. मला वाटतं त्या दिवशी त्या दगडाचा मालक बदलला. इंग्रजांनी तो बांधला, पण जो दरवर्षी येतो, हात लावतो, नावं वाचून मागतो, दगड त्याचा होतो. इमारत मालकाच्या कागदावर असते, पण घर राहणाऱ्याचं असतं, तसं.

आता अवघड जागी येतो.

आपण म्हणतो, आम्ही शूर आहोत, आमचे पूर्वज लढवय्ये होते. कांबळ्यांना, वलंगकरांना हे म्हणावंच लागलं. त्यांच्यासाठी तो भाकरीचा आणि अक्षराचा प्रश्न होता. फौजेत पेन्शन होती, शाळा होती. रामजी सुभेदार फौजी शाळेत शिकवत होते म्हणून भीमराव शिकले. फौज नसती तर आपल्याकडे पुस्तक किती उशिरा आलं असतं, कोण जाणे. पण तेव्हा जी अर्जाची भाषा होती, ती आपण आज आपल्या अस्मितेची भाषा करून बसलो आहोत. शौर्य हा माणूसपणाचा पुरावा आहे का? मारता आलं म्हणून मी माणूस? मग माझी आजी कोण? ती आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत परा लावत वाकली, तिनं कोंबडीसुद्धा कापली नाही. डोक्यावरून मैला वाहणारा कोण? त्यांच्या वाटचा दगड कुठे आहे? इंग्रजांच्या ‘लढाऊ जाती’च्या तराजूत बसून आपण ‘आमचंही वजन बघा’ म्हणतो, तेव्हा तराजू त्याचाच राहतो. संविधानानं मत देताना कुणाला विचारलं नाही की तुझा पणजोबा कुठल्या लढाईत होता. एक माणूस, एक मत. शूर-भित्रा असा रकाना त्यात नाही.

आणि आपण १९५६ नंतर बौद्ध आहोत. बौद्धानं युद्धाच्या खांबापुढे वाकायचं कसं? हे मला एका भंतेजींनीही विचारलं होतं. मी घरी येऊन वाचत बसलो. सिंह सेनापती बुद्धाला विचारतो की तुम्ही अहिंसा सांगता, मग न्यायासाठीही लढायचं नाही का? बाबासाहेबांनी ही गोष्ट ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ मध्ये घेतली आहे. उत्तराचा मतितार्थ असा, की अपराध्याला शासन झालंच पाहिजे आणि निरपराध सुटलाच पाहिजे, पण शांततेचे सगळे उपाय आधी संपलेले असले पाहिजेत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेब आणखी बारीक भेद करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळं सोडतं.

हे वाचून माझं पुरतं समाधान झालं नाही. कोरेगावच्या शिपायाला गरज होती का? त्या गल्लीत अडकल्यावर होती. तिथं तो का आला, हे ठरवणारा तो नव्हता. त्याला हुकूम होता. मग मी वाकतो ते कशाला? मी त्याच्या संगिनीपुढे वाकत नाही, हे मला नक्की सांगता येतं. दिवसभर तहानेनं घसा सुकलेला, बाजूचा पडलेला, पळून जाता आलं असतं, आणि तो जागा सोडत नाही. ज्याला गावात उभं राहायलाही जागा नव्हती, तो एका जागेवर पाय रोवून उभा राहिला, याच्यापुढे मी वाकतो. एवढंच. यापेक्षा जास्त म्हणायची माझी तयारी नाही.

जिंकणाऱ्यानं दगडावर काय लिहावं याचा एक नमुना अडीच हजार वर्षांच्या आतबाहेरचा आपल्याकडे आहे आणि आपण तो विसरतो. सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख. कलिंग जिंकलं, त्यात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख लोक धरून नेले, आणि त्याच्या कितीतरी पट असेच मेले, असं तो स्वतः लिहितो आणि पश्चात्ताप झाला म्हणतो. विजयाच्या खांबावर हरलेल्यांचे मुडदे मोजणारा दुसरा राजा मला तरी ठाऊक नाही. गंमत बघा, हा लेख त्यानं खुद्द कलिंगात कोरला नाही. धौली आणि जौगडला त्या जागी दुसरेच लेख आहेत. ज्यांचे लोक मेले त्यांच्यासमोर ते बोलण्याचं धाडस त्यालाही झालं नसावं, किंवा जखमेवर मीठ नको असं वाटलं असावं. काही का असेना. कोरेगावच्या दगडावर त्या पाचशे-सहाशे पलीकडच्यांचं एकही नाव नाही. अरबांच्या घरी, गोसाव्यांच्या मठात, मराठ्यांच्या वाड्या-वस्त्यांवर कुणी रडलंच असेल. अशोकाचं चक्र झेंड्यावर मिरवणाऱ्या आपल्याला त्यांची आठवण काढता आली पाहिजे. हे लिहिताना मला कळतं आहे की काही मित्र रागावतील. रागवा, पण उत्तर द्या.

परतीच्या वाटेवर एक दिवस हातात होता म्हणून खडकीला गेलो. तिथं महायुद्धातल्या शिपायांची दफनभूमी आहे. दफनभूमी कसली, बाग आहे. कापलेलं हिरवं गवत, रांगेत सारख्या उंचीचे पांढरे दगड, फुलझाडं. दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून जास्त लोक तिथं पुरले आहेत, आणि पहिल्या युद्धात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेच्या वर लोकांचं वेगळं स्मारक आहे. जनरल असो की शिपाई, दगड सारखाच, असा या लोकांचा नियम. मला तो आवडला. मेल्यावर तरी समता. पण नियम कुणाला लागू होता? त्याच मंडळानं २०२१ मध्ये स्वतःचा अहवाल काढला आणि कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या हजारो-लाखो हिंदी, आफ्रिकी शिपायांना आणि हमालांना स्वतंत्र दगड मिळाला नाही. कित्येकांचं नावच कुठं लिहिलं नाही. शंभर वर्षांनी माफी. गवत कापणाऱ्या माणसाला मी विचारलं, इथं आपल्यातलं कुणी आहे का? तो हसला. ‘‘आपल्यातला इथं मी आहे,’’ म्हणाला आणि मशीन चालू केली.

आता आपल्या भंडाऱ्यावर येतो, म्हणजे त्या भंडाऱ्यावर ज्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं.

जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला आणि आठ कामगार मेले. आवाज कोसावर गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या मिलच्या फाटकावर तीच चर्चा. एक जण म्हणाला, हे पण देशासाठीच मेले, शहीदच म्हणा. ऐकायला चांगलं वाटतं. सीमेवर जो गोळा फुटतो तो याच माणसांच्या हातून जातो. मग सीमेवरच्याला स्मारक आणि इथल्याला नुसता पंचनामा का? दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये झालं, त्यात पंचवीस हजारांवर नावं आहेत. दारू भरणाऱ्याचं, पूल बांधणाऱ्याचं, खच्चर हाकणाऱ्याचं नाव कुठे?

मी हा विचार घेऊन आमच्या वस्तीतल्या हवालदार काकाजींकडे गेलो. महार रेजिमेंटमधून रिटायर. आता बकऱ्या चारतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पाहा बाप्पा, शहीद म्हनाले काही पैसे नाही पडत. म्हनून सारे म्हनतात. माह्या पलटनीतला पोरगा गाडी उलटून मेला, ड्रायव्हर पिऊन होता. त्याले बी शहीदच म्हटलं. मंग ड्रायव्हरचं कोनी विचारलं नाही.’’

ते ऐकल्यापासून माझा विचार उलटा फिरला. शहीद म्हटलं की मारणारा नाहीसा होतो. हा त्या शब्दाचा गुण आहे आणि तीच त्याची खोड आहे. ‘त्यानं प्राण दिले’ म्हटलं की ‘त्याचे प्राण कुणी घेतले’ हा प्रश्न वाक्यातूनच गळतो. आठ कामगारांनी प्राण दिले नाहीत; ते सकाळी डबा घेऊन ड्युटीवर गेले होते. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात एकशे चौदा गोवारी चेंगरून मेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. ते अर्ज घेऊन आले होते, मरायला आले नव्हते. झिरो माईलजवळ आज त्यांचं स्मारक आहे, शहीद गोवारी स्मारक. दरवर्षी तिथं पुढारी फुलं वाहतात. फूल वाहणाऱ्या हाताला कुणी विचारत नाही की त्या दिवशी सरकार कुणाचं होतं, कोण भेटायला आलं नाही. दगडावर फूल टाकलं की प्रश्न झाकला जातो.

आणि खैरलांजी. मोहाडी तालुका, आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, तिची मुलगी, तिची दोन मुलं. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये हायकोर्टानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षं केली, आणि अॅट्रॉसिटीचं कलम लागलंच नाही. जातीचा प्रश्नच नव्हता म्हणे. आपणही आपल्या पोस्टरवर ‘खैरलांजीचे शहीद’ लिहितो. मी ते लिहायचं सोडलं आहे. सुरेखाबाईंनी प्राण दिला नाही. तिला जगायचं होतं. तिला शेत कसायचं होतं, लेकरांना शिकवायचं होतं. तिला शहीद म्हणून आपण तिच्या मरणाला तिची निवड बनवतो आणि गावाला मोकळं करतो. तिच्यासाठी शब्द ‘खून’ हाच आहे. तो शब्द जड आहे, त्याला फुलं वाहता येत नाहीत, म्हणून तो आपल्याला नको असतो.

याचा अर्थ शहीद कुणी नसतोच, असा नाही. नामांतराच्या लढ्यात पोचीराम कांबळे होता. १९७८ मध्ये नांदेडकडच्या टेंभुर्णीत त्याला मारला. त्याला आपली भूमिका ठाऊक होती आणि तो तिच्यावरून हटला नाही. त्याला शहीद म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. पण तिथंही मारणाऱ्याचा उल्लेख गाळून नुसतं ‘अमर रहे’ म्हणणं मला पटत नाही.

मिलमधलं एक सांगतो. नाव नाही सांगत, मिल कुठलीही समजा. दोन वर्षांपूर्वी पोत्यांची थप्पी कोसळली. खाली एक हमाल होता. मालकानं क्रियाकर्माचे पैसे दिले, वर म्हणाला, फार इमानी माणूस होता, कंपनीसाठी जीव दिला. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर तेवढीच उंच थप्पी लागली. मी स्वतः लावली. मालकालाही शहीद शब्दाचा उपयोग कळतो, फक्त तो शब्द वापरत नाही एवढंच.

तर त्या अकरावीतल्या पोराला मी काय सांगितलं? म्हटलं, पगारासाठी मेला तो पगारासाठी मेला असंच म्हण. त्यात लाज नाही. लाज असलीच तर त्याला, ज्याच्या राज्यात पोटासाठी मरण विकणं हा एकच मोकळा धंदा उरला होता. तू स्तंभापुढे उभा राहा, नाव वाच, आणि नावाच्या पुढे काय झालं ते पूर्ण म्हण. कुणाच्या हुकमानं, कुणाच्या पगारावर, समोर कोण होता, आणि त्याच्या पोरांना पुढे काय मिळालं.

त्यावर आमच्या बैठकीत एक वही घातली आहे. शंभर पानी, मिलच्या हिशोबाला आणलेल्यातली. त्यात आपल्या भागातल्या मेलेल्यांची नावं लिहितो. रकाने चार: नाव, दिवस, कसा मेला, कुणामुळे. चौथा रकाना भरताना भांडणं होतात. हवालदार काकाजींनी त्यांच्या पलटणीतले दोघं लिहायला सांगितले. मी म्हटलं, जात? ‘‘विचारली नव्हती,’’ म्हणाले. लिहिले. पवनीच्या जगन्नाथ टेकडीला, जिथं १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप निघाला, तिथं सापडलेल्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या उपासकांची नावं ब्राह्मीत आहेत. ती पोरांना दाखवायची असं ठरलं आहे, म्हणजे मरण्याशिवायही माणसाचं नाव दगडावर येऊ शकतं हे त्यांना कळेल.

मागच्या बैठकीत वेगळाच वाद झाला. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव परिसरात दगडफेक झाली, जाळपोळ झाली. त्याच्या तीनच दिवस आधी वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महारांचा फलक काढला गेला होता. संभाजी महाराजांच्या देहाला अग्नी कुणी दिला, यावरून जिवंत माणसं पेटली. त्या दगडफेकीत एका तरुणाचा जीव गेला. तो आपल्या समाजाचा नव्हता. मी म्हटलं, त्याचंही नाव वहीत येईल. एक पोरगा ओरडला, ‘‘काऊन? आपल्या डोक्यावर दगड पडले तेव्हा त्यांनी लिहिलं का आपलं नाव?’’ मी म्हटलं, नाही लिहिलं. अशोकाचा लेख वाचून दाखवला. मते घेतली. बारापैकी सात लिहा म्हणाले. नाव लिहिलं. चौथा रकाना रिकामा ठेवला, कारण कोर्टात काय ठरतं ते बघायचं. दोन पोरं तेव्हाच उठून गेली. त्यातला एक पुढच्या रविवारी आला. दुसरा अजून आलेला नाही.